कर्नल उठतो आणि लगेच कोसळतो: पेज टेबलमधल्या कचऱ्याचा माग

मी लिहीत असलेल्या छोट्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मागच्या नोंदीनंतर हीप (लागेल तशी मेमरी देणारा भाग) चालू झाला, कन्सोलला स्वतःचा बफर मिळाला आणि क्यूईएमयूत (मशिनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) कर्नल थेट प्रॉम्प्टपर्यंत पोहोचायला लागला. मग तो खऱ्या मशिनवर टाकला. सिरियल पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप, यूएसबीवर ग्रब (कर्नल मेमरीत आणणारा बूटलोडर) आणि मल्टिबूटने (बूटलोडर आणि कर्नलमधला ठरलेला करार) लोड होणारा आपला कर्नल, जो ३२-बिटमध्ये सुरू होऊन लगेच ६४-बिटमध्ये जातो. मेनू दिसतो, एंटर दाबलं की स्क्रीन काळी होते आणि मशिन पुन्हा बायोसच्या लोगोवर येतं. संदेश नाही की काही नाही.

असं मुकाट रिबूट दिसलं की ट्रिपल फॉल्ट धरून चालावं. एक्सेप्शन (प्रोसेसरला आढळलेली चूक) आलं, ते घ्यायला हँडलर (त्यासाठीचा कोड) नाही म्हणून डबल फॉल्ट, त्यालाही कोणी नाही म्हणून प्रोसेसर शटडाउनमध्ये जातो आणि मदरबोर्ड रीसेट देतो. आपल्या कर्नलमध्ये आयडीटी (कुठल्या एक्सेप्शनला कुठला हँडलर हे सांगणारा तक्ता) भरण्याचं काम मेमरी आणि हीप तयार झाल्यानंतर होतं, त्यामुळे त्याआधी काहीही बिनसलं तर त्याचा पुरावाच उरत नव्हता.

पहिलं काम, नेमकं कुठे मरतंय ते शोधणं. याला प्रिंटसुद्धा लागत नाही. संशयित जागी सीएलआय (इंटरप्ट बंद), मग एचएलटी (प्रोसेसर थांबवणं), आणि परत एचएलटीवर उडी एवढंच घालायचं. मशिन गोठलं तर क्रॅश त्या जागेच्या पुढे आहे, रिबूट झालं तर मागे. दर वेळी उरलेला भाग निम्मा होत जातो. ही युक्ती कुठल्याही मशिनवर, कुठल्याही टप्प्यावर चालते म्हणून मला फार आवडते. लाँग (६४-बिट) मोडमध्ये शिरणं, नवीन सीआर३ (पेज टेबलं, म्हणजे आभासी पत्ते खऱ्या मेमरीशी जोडणारे तक्ते, कुठे आहेत ते सांगणारं रजिस्टर) लोड करणं, हीप सुरू करणं हे सगळं सुखरूप पार पडत होतं. मशिन मरत होतं ते हीपमधून दुसऱ्यांदा मेमरी मागून ती शून्याने भरताना.

जागा कळली, कारण कळलं नव्हतं. तेव्हा आयडीटी उचलून अगदी वर आणली, ६४-बिट कोडच्या पहिल्या काही ओळींत. त्यासाठी हीप लागत नाही. पहिल्या ३२ एक्सेप्शनांच्या नोंदी प्रत्येकी १६ बाइटच्या, म्हणजे ५१२ बाइटचा एक स्टॅटिक ॲरे पुरतो आणि लिमिट ५११ द्यायचं. जपायचं ते स्टबमध्ये, म्हणजे प्रत्येक एक्सेप्शनच्या छोट्या प्रवेश-कोडमध्ये. ८, १० ते १४ आणि १७ या एक्सेप्शनांना प्रोसेसर स्वतः एरर कोड स्टॅकवर ठेवतो (नव्या प्रोसेसरांवर २१ सुद्धा), बाकीच्यांना ठेवत नाही. म्हणून बाकीच्यांच्या स्टबने आपणहून एक शून्य पुश करायचं, नाहीतर पुढची सगळी फ्रेम (स्टॅकवर ठेवलेली माहिती) आठ बाइटने सरकते आणि आरआयपी (चालू सूचनेचा पत्ता) म्हणून भलतंच काहीतरी छापलं जातं. छपाई कॉम१ या सिरियल पोर्टवर, पोर्ट ३एफ८ (हेक्स). लाइन स्टेटस रजिस्टर ३एफडीवर आहे, त्याचा बिट ५ एक झाला की पुढचा बाइट टाकायचा. व्हीजीए टेक्स्टवर छापण्यापेक्षा हे बरं, कारण रिबूट झालं तरी केबलच्या दुसऱ्या टोकाला मजकूर राहतो.

आणि मशिन बोललं. एक्सेप्शन १४, म्हणजे पेज फॉल्ट. सीआर२ मध्ये (फॉल्ट झालेला पत्ता सांगणारं रजिस्टर) हीपच्या दुसऱ्या पानाचा (पेज, मेमरीचा ४०९६ बाइटचा तुकडा) पहिला बाइट. एरर कोडचे खालचे चार बिट १०११.

इथे जरा थांबतो, कारण पेज फॉल्ट म्हटलं की बहुतेक जण सीआर२ पाहतात आणि एरर कोडकडे नीट बघत नाहीत. उजवीकडून वाचू. बिट ० एक असेल तर नोंद हजर होती, म्हणजे ‘पान मॅपच केलेलं नाही’ हा नेहमीचा प्रकार नव्हे. बिट १ एक, म्हणजे लिहिताना घडलं. बिट २ शून्य, म्हणजे कर्नल मोडमध्ये. आणि बिट ३ एक: पेज टेबलच्या कुठल्यातरी नोंदीत राखीव बिट एक आहे. असा बिट सहसा कोणी मुद्दाम लावत नाही. बिट ३ दिसला की टेबलात भलताच डेटा शिरलाय असंच समजायचं.

म्हणून हँडलरमध्ये चारही पातळ्यांची टेबलं चालून नोंदी छापायचा कोड घातला. पहिले ४ जीबी २ एमबीच्या पानांनी आयडेंटिटी मॅप (आभासी पत्ता तोच फिजिकल पत्ता) केलेले असल्यामुळे फिजिकल पत्ते सरळ वाचता येतात. वरच्या तिन्ही नोंदी ठीक होत्या. शेवटच्या टेबलातली नोंद बाइटच्या क्रमाने अशी निघाली: ६डी ६५ ६ई ७५ ६५ ६ई ७४ ७२.

हे सगळे आकडे आस्कीच्या लहान अक्षरांच्या पट्ट्यातले आहेत. एम, ई, एन, यू, ई, एन, टी, आर. ग्रबच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक पर्याय ज्या शब्दाने सुरू होतो, त्या ‘मेनूएंट्री’ची पहिली आठ अक्षरं! ग्रबने स्वतःच्या कामासाठी वापरलेली मेमरी त्याचं काम संपल्यावर मोकळी म्हणून आपल्याकडे येते. आपल्या फ्रेम ॲलोकेटरने (फिजिकल मेमरीचे पानाएवढे तुकडे, म्हणजे फ्रेम, वाटणारा कोड) त्यातली एक फ्रेम पेज टेबलसाठी दिली आणि ती न पुसता तशीच जोडली गेली.

मग बाकीचं आपोआप जुळलं. ‘एम’चा कोड ६डी विषम आहे, म्हणून नोंदीचा बिट ० एक दिसतो आणि प्रोसेसरला ती हजर वाटते. या प्रोसेसरचा फिजिकल पत्ता ३६ बिटांचा आहे (सीपीयूआयडी या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सूचनेच्या ८००००००८ या हेक्स लीफमधून ते कळतं), तेव्हा बिट ३६ ते ५१ शून्यच हवेत. पाचव्या बाइटमधल्या ‘ई’मुळे ३७ आणि ३८ एक झाले. आपलं मॅपिंग फंक्शन नोंद आधीच हजर दिसली तर काही न करता परत येत होतं, त्यामुळे कचरा जागच्या जागी राहिला. पहिलं पान मात्र नीट मॅप झालं होतं, कारण त्याच्या नोंदीतला पहिला बाइट सम होता. त्या पानात ८०×२५ च्या टेक्स्ट स्क्रीनचा ४००० बाइटचा बफर मावला, दुसरी मागणी पानाची हद्द ओलांडून गेली आणि तिथे घात झाला.

क्यूईएमयूत हे का दिसलं नाही? तिथे सुरुवातीला रॅम शून्यांनी भरलेली मिळते, शिवाय -कर्नल पर्यायाने थेट लोड करताना ग्रब मध्ये येतच नाही. शून्य म्हणजे ‘नोंद नाही’, आणि सगळं सुरळीत.

दुरुस्ती छोटी आहे. टेबल म्हणून घेतलेली फ्रेम आधी शून्य करायची, आणि आधीच मॅप असलेलं पान पुन्हा मॅप करायला कोणी आलं तर गुपचूप परतण्याऐवजी पॅनिक (संदेश देऊन थांबणं). दुसरा बदल मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो असता तर कर्नल जिथे चूक झाली तिथेच थांबला असता.

यापुढे असला बग क्यूईएमयूतच सापडावा म्हणून डीबग बिल्डमध्ये ॲलोकेटर प्रत्येक मोकळी फ्रेम देण्याआधी ठरावीक बाइटने भरतो. बाइट निवडताना विचार करावा लागतो. सवयीचा सीसी (हेक्स) इथे निरुपयोगी आहे. तो सम आहे, बिट ० शून्य, म्हणजे पेज टेबलला तो रिकाम्या नोंदीसारखाच दिसतो आणि बग पुन्हा लपतो. ए५ घेतला: विषम आहे, आणि आठ वेळा ठेवला की राखीव बिटही एक होतात. जुना कोड या भरणीसह क्यूईएमयूत चालवला तर पहिलंच पान पेज फॉल्ट देतं, कोड तोच, १०११. -डी इंट पर्यायाने लॉगमध्ये प्रत्येक एक्सेप्शन दिसतं, पण केव्हीएम (कोड थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवण्याची सोय) बंद ठेवून चालवा, नाहीतर ही एक्सेप्शनं लॉगमध्ये येतच नाहीत. सोबत -नो-रीबूट दिलं की मशिन रीसेट होण्याऐवजी क्यूईएमयू बंद होतं आणि लॉगचा शेवटचा भाग हातात राहतो. जीडीबी (डीबगर) पोर्ट १२३४ वर जोडत असाल तर सुरुवातीच्या कोडसाठी हार्डवेअर ब्रेकपॉइंट वापरा. केव्हीएम चालू असेल तर साधा ब्रेकपॉइंट मेमरीत बाइट लिहितो, आणि तो पत्ता अजून मॅपच झालेला नसू शकतो.

डेस्कटॉपवर कर्नल आता प्रॉम्प्टपर्यंत येतो, वीज पूर्ण तोडून चालू केल्यावरही आणि नुसत्या रीसेटनंतरही. दोन्ही मुद्दाम तपासलं, कारण रीसेटनंतर रॅममध्ये आधीचा मजकूर बराचसा टिकून असतो.

पुढचं काम डबल फॉल्टचं. कर्नल स्टॅकच संपला तर पेज फॉल्टची फ्रेम ठेवायलाही जागा उरत नाही, आणि आजचा हँडलर तिथे पोहोचणारच नाही. टीएसएस या प्रोसेसर वाचत असलेल्या रचनेत सात आयएसटी स्टॅक (एक्सेप्शनसाठी वेगळे राखलेले) देता येतात. त्यातला पहिला एक्सेप्शन ८ ला द्यायचा, आणि स्टॅकच्या खाली एक पान मुद्दाम मॅप न करता सोडायचं. टीएसएसचा डिस्क्रिप्टर लाँग मोडमध्ये १६ बाइटचा असतो आणि जीडीटीतल्या (अशा डिस्क्रिप्टरांचा तक्ता) दोन जागा घेतो, तेव्हा आधी जीडीटीची मांडणी बदलून घेतो.