तपासणीचे प्रश्न मी लेकालाच विचारले

लेकाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं ठरलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याचा ऑटिझम (स्वमग्नता) आहे, त्यामुळे वाट ठरलेली होती: स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज, आधार, फोटो, मग नाशिकच्या सरकारी रुग्णालयात तपासणी. अर्ज पटकन झाला. खरी तयारी तपासणीची.

त्यासाठी आयएसएए ही ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी वापरतात. सहा भाग, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० किंवा जास्त आली की ऑटिझम. नजरेला नजर देतो का, ऐकलेलं परत परत म्हणतो का, बदल सोसतो का. मोजायला असं काहीतरी लागतंच. पण मूल बाहेरून कसं दिसतं एवढंच त्यात येतं. त्याला आत काय होतं ते कोण विचारणार? म्हणून त्यातले बरेच प्रश्न मी घरी त्यालाच विचारले.

बोलून उत्तर देणं त्याला जड जातं, मोबाइलवर टाइप करायला आवडतं. कधी उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं. मी घाई केली नाही.

समोरच्याच्या डोळ्यांत बघण्याबद्दल त्यानं लिहिलं, “डोळे सारखे हलतात. मग शब्द ऐकू येत नाहीत.” म्हणजे तो खिडकीकडे बघत असतो तेव्हाच माझं बोलणं नीट ऐकत असतो! हात फडफडवण्याबद्दल: “हात हलवले की आवाज कमी होतो.” आणि आवाजाबद्दल: “पंखा आणि आई एकदम बोलतात.” आपण पंखा विसरून जातो, त्याला तो विसरता येत नाही. गणपतीत ढोल सुरू झाला की तो कान दाबून रस्त्यातच खाली बसतो. लोक हट्टी म्हणतात. त्याला ते छातीत दुखतं.

नाशिकरोड स्टेशनवर ऐकलेलं “गाडी थोड्याच वेळात येत आहे” हे वाक्य तो दिवसातून कितीदा तरी म्हणतो. मोजपट्टीत याला गुण पडतात. मी अर्थ विचारला तर त्यानं टाइप केलं, “कधी ते सांग.” थांबणं असह्य झालं की तो हे म्हणतो. तपासणीच्या दिवशी रांगेत त्याची घोषणा सुरू झाली, तेव्हा त्याचे बाबा म्हणाले, “आपल्या पुढे तिघं आहेत.” तो दाराकडे बघत माणसं मोजू लागला, आणि आमचा नंबर येईपर्यंत शांत बसला.

डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधली एकमेकांना न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. मला ते मनापासून पटतं. आपली बाजू मात्र कुठल्याच तक्त्यात मोजली जात नाही.

त्याच्या उत्तरांचा कागद मी सोबत नेला होता. मानसशास्त्रज्ञ मॅडमनी तो वाचला, पंखा बंद केला आणि त्याच्यासमोरून उठून शेजारी बसून बोलल्या. तो बराच वेळ टिकला. पुढे दिव्यांग कार्ड आलं, त्यावर दिव्यांगत्वाचे टक्के आले, सवलतींसाठी ते लागतातच.

तपासणीला जाणार असाल तर असा कागद जरूर न्या. मूल बोलत किंवा टाइप करत नसेल तर चित्रं, हो-नाहीची कार्डं वापरा, आणि त्यानं सांगितलेलं त्याच्याच शब्दांत लिहा. आमच्या कागदाची एक प्रत शाळेतही दिली आहे. बाईंनी त्याची जागा पंख्याखालून दाराजवळ हलवली.