दोन बोटं पाणी

डेमो देणारा पोरगा फरशीवर बादलीभर स्वच्छ पाणी ओततो, बटण दाबतो आणि नळीचं तोंड त्या पाण्यावरून एकदा फिरवतो. सुर्रर्र. फरशी कोरडी. मग तो आपल्याकडे असा बघतो, की ते पाणी जणू त्यानेच पिऊन दाखवलंय. आपणही मान डोलावतो. माझं पहिलं वेट व्हॅक्यूम मी असंच मान डोलावून घेतलं. पाणी ओढायला मशीन हवं होतं, त्याने पाणी ओढलं, आता आणखी काय बघायचं?

बघायचं एवढंच होतं, की मला पाणी ओढायचंच नव्हतं.

माझं काम फ्लोअर स्ट्रिपिंगचं, म्हणजे फरशीवरचं जुनं पॉलिश उतरवायचं. ते ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुकानं, ऑफिसं, शाळा-दवाखाने इथल्या व्हिनाइलच्या फरशीला जी चकाकी दिसते, ती त्या फरशीची नसते. वर पातळ, पारदर्शक पॉलिशचे चार-पाच थर चढवलेले असतात. बोलताना सगळे त्याला मेण म्हणतात. खरं तर ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक असतं, प्लॅस्टिकच्याच कुळातलं. माणसं चालतात, थर खरवडला जातो, त्यात मळ मुरतो, कुणीतरी घाईत त्यावरच आणखी एक हात मारून जातं, आणि एक दिवस फरशी पिवळट आणि भिंतीच्या कडेला तर चक्क तपकिरी दिसायला लागते. मग सगळं उतरवून पहिल्यापासून सुरुवात. त्यासाठी स्ट्रिपर पसरायचं. हे रसायन चांगलंच जहाल असतं, पीएच १२-१३ च्या घरातलं. पुष्कळशा पॉलिशांमधल्या रेणूंच्या साखळ्या जस्ताने एकमेकींना बांधलेल्या असतात. स्ट्रिपरमधलं अमाइन नावाचं रसायन ती गाठ सोडवतं, सोबतचं सॉल्व्हंट थर फुगवतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत इतकी वर्षं घट्ट बसलेलं पॉलिश फरशीची साथ सोडतं. मग काळं पॅड लावून घासायचं मशीन फिरवायचं.

त्यानंतर फरशीवर जे उरतं त्याला आमच्यात एकच नाव आहे: राडा. करडा, बुळबुळीत, फेसाळ, मध्येच कातडीसारखे पापुद्रे. तो बुटाच्या तळव्याला चिकटतो आणि त्याच वेळी त्याच्यावरून पाय घसरतो. ही दोन्ही कामं एकट्याने कशी जमतात ते मला अजून कळलेलं नाही. शिवाय त्याला थांबायला वेळ नसतो. ओला आहे तोवर उचलला तर उचलला. वाळला, की तो पुन्हा फरशीला धरून बसतो, आणि आता आधीपेक्षा कुरूप होऊन.

तर पहिली रात्र. मी, आणि आमच्याकडे सगळे ज्यांना मामा म्हणतात ते मामा. राडा तयार, मशीन नवंकोरं. मी मोठ्या ऐटीत बटण दाबलं. दोन-तीन मिनिटं सगळं डेमोतल्यासारखं चाललं. टाकी भरत आली की आवाज बदलेल, हे मला माहीत होतं. टाकीच्या वरच्या बाजूला एका पिंजऱ्यात चेंडू असतो, त्याला फ्लोट म्हणतात. पाणी चढलं की चेंडू तरंगत वर येतो, मोटरकडे जाणारं भोक बंद करतो, आणि हवा अडल्यामुळे मोटर वरच्या पट्टीत किंचाळायला लागते. त्या किंकाळीची मी वाट बघत होतो. ती आली नाही. त्याऐवजी मामांचा आवाज आला.

“अहो, हे मागनं ओकतंय.”

मागे वळून पाहिलं तर हवा बाहेर पडायच्या जाळीतून पांढऱ्या मिशा फुटल्या होत्या. फेस! चेंडूला उचलायला पाणी लागतं, फेसाच्या अंगात तेवढा जोर नसतो. तो चेंडूच्या बाजूने गुपचूप वर सरकला होता आणि पंख्यातून थेट बाहेर आला होता. मी बटण बंद करेपर्यंत जळका वास सुटला. उरलेली रात्र आम्ही दोघांनी वायपर, सुपडी आणि बादली यांवर काढली. अर्धा राडा वाळला, तो पुन्हा भिजवून पुन्हा घासला. पहाटे बादलीवर बसून मामा त्या मशीनकडे बघत म्हणाले, “पितं झकास. पोट नाही याला.”

व्हॅक्यूमच्या जन्मकथेतही असा एक ठसका आहे. ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्लिश इंजिनिअरने १९०१ साली धूळ ओढणारं यंत्र आणलं. त्याआधी त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून स्वतःच्या तोंडाने हवा ओढून पाहिली होती म्हणतात. कल्पना खरी निघाली, पण त्याचा जीव घुसमटला. म्हणजे व्हॅक्यूमचा पहिला डेमोही पोटात गेलेल्या मालाने गाजवला होता.

फेसावरचा उपाय सोपा निघाला. फेस मारणारं एक औषध मिळतं, ते काम सुरू करायच्या आधी झाकणभर टाकीत टाकून ठेवायचं. आधी म्हणजे आधी. मिशा फुटल्यावर टाकून उपयोग नाही. आणि मोटर बायपास जातीची हवी. साध्या कोरड्या व्हॅक्यूममध्ये ओढलेली हवाच मोटरला थंड करत जाते. बायपासमध्ये थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, त्यामुळे ओलसर हवा मोटरच्या अंगावरून जात नाही. अर्थात पंख्यापर्यंत फेस पोहोचवायचाच असं ठरवलं असेल, तर बायपास तरी काय करणार.

जळलेल्या मशीनच्या जागी दुसरं बघायचं म्हणून मी माहितीपत्रकं गोळा केली आणि आकड्यांत शिरलो. त्यांत दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक वॉटर लिफ्ट: मशीन पाण्याचा स्तंभ किती उंच चढवू शकतं. दुसरा एअरफ्लो: मिनिटाला किती हवा ओढतं. मी रात्री बसून तक्ते केले. बऱ्याच उशिरा लक्षात आलं, की हे दोन्ही आकडे खरे असतात, पण एकाच वेळी कधीच नाही. लिफ्ट मोजतात नळीचं तोंड पूर्ण बंद करून, म्हणजे हवा शून्य. एअरफ्लो मोजतात तोंड सताड उघडं ठेवून, म्हणजे लिफ्ट शून्य. एखाद्याने सांगावं, मी शंभर किलो उचलतो आणि ताशी बारा किलोमीटर पळतो. खोटं काहीच नाही, पण शंभर किलो घेऊन पळताना त्याला कुणी पाहिलेलं नसतं. आपलं काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतं, आणि तिथला आकडा छापायची पद्धत नाही.

आणखी एक गंमत. आपण म्हणतो मशीन ओढतं. ओढत काही नाही. ते आत हवा विरळ करतं, आणि बाहेरची हवा आपल्या वजनाने राडा आत ढकलते. आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं तोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ सालीच लिहून ठेवलंय. त्या समुद्राचा पूर्ण जोर लावला तरी पाणी साधारण १०.३ मीटरच चढतं, त्यावर कुठलंही व्हॅक्यूम जाऊ शकत नाही. १०० इंच लिफ्टचं मशीन म्हणजे अडीच मीटरच्या थोडं वर, त्या जोराचा जेमतेम पाव हिस्सा. हे कळल्यापासून १०० आणि ११० इंचांतल्या फरकावरून माझी झोप उडणं बंद झालं.

झोप खरी उडवते ती टाकी. म्हणजे तिचं रिकामं होणं.

हिशेब करून बघा. मी दर चौरस मीटरला साधारण ०.३ लिटर स्ट्रिपर धरतो. दोनशे चौरस मीटरची जागा असेल तर ६० लिटर. मग दोनदा साध्या पाण्याने धुवायचं, तेही तितकंच. एकूण १८० लिटर राडा आणि धुवण. टाकी २० लिटरची असेल तर फेसाला जागा सोडून त्यात पंधराच बसतात, म्हणजे बारा खेपा. प्रत्येक खेपेला मशीन बंद, मोरीपर्यंत जा, ओता, परत या. तुम्ही मोरीपाशी उभे असता आणि तिकडे फरशीवर राडा वाळत असतो. टाकी ६० लिटरची घेतली तर चार खेपा. छान! पण फेसाला जागा सोडली तरी दर खेपेला नुसत्या पाण्याचं वजन ४५ किलो, मशीन वेगळं. ते उचलून ओतणं हे माणसाचं काम नाही. निदान पन्नाशीतल्या माणसाचं तरी नाही, असं मामा म्हणतात, आणि बोलता बोलता हात कमरेवर ठेवतात.

म्हणून तळाशी निचऱ्याची नळी लावलेली असते. ती पाहून मी एकदा फार खूश झालो होतो. जागेवर गेल्यावर कळलं, की तिथे जमिनीत मोरीच नाही, आहे ते कंबरेइतक्या उंचीचं बेसिन. निचऱ्याचं तोंड घोट्यापाशी, बेसिनची कड कंबरेपाशी. पाणी आपणहून खालून वर जात नाही हे शाळेत शिकलेलो असतो. माहितीपत्रक वाचताना ते कुणाला आठवतं? अशा जागेसाठी आतच पंप बसवलेलं मशीन मिळतं, ते राडा वर फेकतं. नाहीतर मधल्या मध्ये बादल्या. हल्ली काम घ्यायच्या आधी मी फरशी नंतर बघतो, पहिला प्रश्न मोरीचा. ती कुठे आहे, किती उंचावर आहे, वाटेत पायऱ्या आहेत का. समोरच्याला वाटतं याला फार घाईची लागलीय. आणि मोरी म्हणजे सांडपाण्याची, रस्त्याकडेचं पावसाळी गटार नव्हे. तिथे ओतलेला राडा जस्तासकट थेट ओढ्यात जातो, आणि तिथल्या माशांनी आपली फरशी चमकवायचं कंत्राट घेतलेलं नसतं.

निचऱ्याची नळी बारीक असेल तर तिचाही भरवसा नाही. पापुद्रे तिच्या तोंडाशी येऊन एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि वाट अडवतात. ओढायच्या नळीचंही तेच. ३८ मिलिमीटर आणि ५० मिलिमीटर यांत कागदावर फार अंतर दिसत नाही, पण आतली वाट पावणेदोनपट मोठी होते. बाकी मग मागची चाकं मोठी हवीत, म्हणजे उंबरठा चढतो. पुढे रुंद स्क्वीजी, म्हणजे पाणी लोटणारी रबरी पट्टी, लावता आली तर वाकायचं वाचतं, फक्त कोपऱ्यांसाठी दांडा वेगळा ठेवावा लागतो. स्क्वीजीचं रबर चौकोनी काठाचं असेल तर चारही कडा वापरता येतात. एक झिजली की उलटवा. स्टीलची टाकी की प्लॅस्टिकची, यावर लोक तासभर वाद घालतात. मला प्लॅस्टिकची चालते. काम संपल्यावर धुऊन झाकण उघडं ठेवली नाही, तर दोन्ही सारख्याच नासतात.

तर परवा जुनं मशीन थकलं म्हणून नवीन बघायला गेलो. या वेळी मामांना मुद्दाम सोबत घेतलं. पोरगा तसाच तत्पर. बादली ओतली, सुर्रर्र, फरशी कोरडी, आमच्याकडे पाहिलं. मी सवयीने मान डोलावणार इतक्यात मामा म्हणाले, “बाळा, आता टाकी भर.”

“भर म्हणजे, काका?”

“गच्च.”

त्याने एकामागून एक बादल्या ओतल्या आणि ओढल्या. शेवटी चेंडू चढला, मोटर किंचाळली. ती किंकाळी ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. “आता रिकामी कर,” मामा म्हणाले. पोराने इकडे-तिकडे पाहिलं. त्या चकचकीत दालनात मोरी नव्हती. मग वरात निघाली मागच्या बाजूला. पोरगा मशीन ढकलतोय, उंबरठ्यावर आणखी एक जण हात लावतोय, पाणी डुचमळतंय. मागे जमिनीत मोरी सापडली. नळी तिच्यापर्यंत पोहोचली, टोपण काढलं, आणि मामा घड्याळ बघत उभे राहिले. मिनिटभराहून थोडं जास्त लागलं. धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. पोरगा हसला.

मामांनी झाकण काढलं, बाही वर सारली आणि हात थेट तळापर्यंत घातला. बाहेर काढून बोटांवरची ओल मला दाखवली.

“दोन बोटं राहिलं,” ते पोराकडे वळून म्हणाले. “याचं काय?”

पोरगा काही बोलला नाही. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टाकीला खालून हात घातला.