ऐंशी हजार वाचले, फ्रिज मात्र तोच

२०२५ च्या बजेटमधे १२ लाखांपर्यंत टॅक्स माफ झाला (पगारदारांना १२.७५) आणि सोमवारी आमच्या ऑफिसात अर्धा दिवस कोणी कामच केलं नाही, सगळे कॅल्क्युलेटर काढून बसलेले. माझे ऐंशी हजारांच्या आसपास वाचणार होते. बायको म्हणाली फ्रिज बदलू. मी वर्षभरात ते सगळे होमलोनच्या पार्ट पेमेंटला घातले. फ्रिजचं दार अजून गुडघ्याने ढकलावं लागतं.

आता सरकारचा हिशोब बघा. साधारण १ लाख कोटींचं उत्पन्न सोडायचं, मग लोक खरेदी करणार, दुकानं चालणार, कारखाने माल काढणार आणि त्यातून थोडाफार टॅक्स परत येणार. या साखळीत पहिलाच माणूस मी, आणि मी पैसे बँकेला देऊन मोकळा! टॅक्स कमी करणं सरकारच्या हातात आहे हो, पण सुटलेल्या पैशाचं आम्ही काय करायचं ते नाही. २०१९ ला कंपन्यांचा टॅक्स ३० वरून २२ टक्के केला, १ लाख ४५ हजार कोटी सोडले, तरी नवीन कारखान्यांची काही रांग लागली नाही. गिऱ्हाईकच नसेल तर कारखाना टाकून करायचं काय?

याउलट आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचे लाडकी बहीणचे १५०० आठवडाभरात किराणा आणि पोरीच्या वह्यांत संपतात, म्हणजे बाजारात फिरतात ते त्यांचे पैसे, माझे नाही. मग त्यांनाच जास्त द्या ना, असं मलाही वाटतं, पण राज्याला नोटा छापता येत नाहीत, जीएसटीचा दर एकट्याने ठरवता येत नाही, हातात उरलंय ते पेट्रोल, दारू, स्टँप ड्युटी असलं काहीबाही, आणि कर्ज ९ लाख कोटींच्या वर. निवडणुकीत २१०० सांगितले होते, मार्च २०२५ च्या बजेटात ते आलेच नाहीत. केंद्राचं तरी काय, २०२५-२६ च्या बजेटातल्या ५०.६५ लाख कोटींच्या खर्चातले १२.७६ लाख कोटी नुसत्या व्याजात.

सप्टेंबरात जीएसटी कमी झाला तेव्हा बायकोने परत फ्रिजचा विषय काढला. बघितलं तर स्वस्त झालेत एसी आणि मोठे टीव्ही, फ्रिजवर आधीपासूनच १८ टक्के होता, तो तसाच.