६८० किलोमीटर: शेवटचा हप्ता, गंगाबल

मंडळी, आकडा आधी सांगून टाकते. ६८०.० पूर्ण. आता बाकीचं सावकाश.

आधीचे हप्ते न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: गेल्या ऑगस्टच्या अखेरीस मामा गेला. वय अडुसष्ट. मी बारा वर्षांची असताना चोरदरवाजाने मला राजगडावर नेणारा, आणि वर पोचल्यावर "रडलीस ते घरी सांगत नाही, पण पुन्हा यायचं" असा सौदा करणारा मामा. तेराव्याच्या दुपारी पत्रावळी उचलता उचलता मी ठरवलं, की त्याच्या प्रत्येक वर्षामागे दहा, असे ६८० किलोमीटर चालायचे, वर्षश्राद्धाच्या आत. शिवाय किलोमीटरमागे पन्नास रुपये बाजूला ठेवायचे आणि राजगडाच्या पायथ्याच्या एका शाळेतल्या मुलांना त्यातून बूट घ्यायचे. मामाने आयुष्यभर हंटर शूजच घातले, म्हणजे स्वस्तातले कॅनव्हासचे बूट. महागडे बूट घालून आलेल्याला तो "साहेब" म्हणायचा.

नियम असे होते. चालायचं ते उघड्यावर. ट्रेडमिल नाही, ऑफिसच्या जिन्यातली पावलं नाहीत. घड्याळ आणि फोन यांच्यात फरक पडला, तर कमी असेल तो आकडा धरायचा. हा नियम मी उत्साहाच्या भरात केला आणि वर्षभर त्याच्या नावाने बोटं मोडली. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर झाडीत घड्याळ पाच किलोमीटर दाखवतं तिथे फोन ४.६ वर थांबतो. रोजचे चारशे मीटर असे हवेत गेले की जीव तळमळतो.

वर्षाचा हिशेब एका दमात: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फक्त ३८, कारण पाऊस होता आणि मनही नव्हतं. नोव्हेंबर ते जानेवारी गडांचा हंगाम, १८७. फेब्रुवारीत उजवा गुडघा बोलायला लागला, महिनाभरात १४. मार्च ते मे रोज पहाटे टेकडी, २२४. जूनपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत १५७. त्यात माउलींच्या पालखीबरोबर हडपसर ते सासवड हा एक दिवस आला. दिवेघाटात पाऊल टाकायला जागा नव्हती आणि वर्षभरात एवढा एकच दिवस मी घड्याळाकडे बघायची विसरले. नंतर पाहिलं तर २२.६. आणि एक रात्र के-टू-एस, कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत. तेरा टेकड्या म्हणतात. माझ्या गुडघ्याच्या मते वीस तरी असाव्यात.

एकूण ६२०. उरले साठ. हे साठ मी मुद्दाम राखून ठेवले होते.

कशासाठी, ते मामाच्या डायरीत आहे. त्याच्या ट्रेकच्या नोंदी टेलिग्रामसारख्या असत. "पाणी: आहे. वाट: मळलेली. सरपण: नाही. सोबत: अमुक तमुक." किलोमीटर कुठेच नाहीत, फक्त तास. १९९० च्या डायरीत मात्र पेन्सिलने काढलेला एक नकाशा आहे: सोनमर्ग, विशनसर, गडसर, हरमुख, गंगाबल. खाली झेलम एक्स्प्रेसने पुणे ते जम्मू आरक्षणाची तारीख, आणि तिच्यावर एक आडवी रेघ. त्या वर्षी काश्मीरला जाण्यासारखी परिस्थितीच नव्हती. पुढे परिस्थिती निवळली, पण तोवर मामाच्या मुली कॉलेजात होत्या, आणि राहिलं ते राहिलंच.

म्हणून गंगाबल. हरमुख शिखराच्या पायथ्याशी, साडेतीन हजार मीटरच्याही वर असलेलं तळं. काश्मिरी पंडित पिढ्यान्‌पिढ्या तिथे अस्थी विसर्जन करत आले आहेत. हे मला तिकिटं काढल्यावर कळलं. मामाच्या अस्थी आळंदीलाच इंद्रायणीत सोडल्या होत्या, त्यामुळे मी बरोबर काही नेलं नाही. पण गंगाबलचं पाणी खाली नुंदकोल तळ्यात, तिथून वांगथच्या नाल्याने सिंध नदीत (ही सिंधू नव्हे) आणि शादीपूरला झेलममध्ये जातं, हे वाचून मला त्या आडव्या रेघेची आठवण झाली.

आता वाट. जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. पुण्याचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. आधार कार्ड सॅकच्या तळाशी ठेवू नका, लष्कराच्या चौकीवर सगळी सॅक उपसावी लागते (लागली). आणि आपण सह्याद्रीवाले पहिल्या दिवशी हमखास माज करतो. सोनमर्गजवळच्या शितकडीहून चढ लागतो तो आपल्या घाटवाटेसारखाच वाटतो, फक्त हवा विरळ असते. मी पहिल्या तासात दोघांना मागे टाकलं आणि निचनईच्या तंबूत डोकं धरून बसले. दुसऱ्या दिवसापासून माझी चाल वारीतल्या आजीसारखी. तीच योग्य चाल.

पहिला दिवस ११.२. दुसरा, निचनईची खिंड ओलांडून विशनसर तळ्यापर्यंत, ११.९. तिसरा विश्रांतीचा, वरच्या किशनसर तळ्याला जाऊन-येऊन ३.३. इथपर्यंत मजेत.

चौथ्या दिवशी गडसरची खिंड. साधारण ४,२०० मीटर, या वाटेवरची सगळ्यात उंच जागा. चढताना मागे वळून पाहिलं की विशनसर आणि किशनसर एकाखाली एक दिसतात, आणि दोघांचा निळा रंग वेगळा. वर तोंडात गुळपोळीचा तुकडा टाकला आणि उतरायला लागले. पलीकडे घसारा, म्हणजे सुट्या दगडगोट्यांचा घसरडा उतार. आपल्याकडच्या घसाऱ्यावर निदान कारवीचं खोड हाताला लागतं, इथे हाताला फक्त वारा. दीडएकशे मीटर उतरले असेन, उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला आणि बेडकासारखा तोंड उघडू-मिटू लागला. नाडी गुंडाळून बघितली, ती दगडांवर घासून तुटली. आमचा घोडेवाला मागून आला, खाली बसला, बूट हातात घेऊन उलटापालटा केला. मग खोगिराच्या पिशवीतून दाभण आणि जाड सुतळी काढली. दाभण रबरातून जाईना, तेव्हा त्याने ते दगडावर टेकवून तळहाताने रेटलं, आठ-नऊ टाके घातले आणि शेवटची गाठ दातांनी ओढून आवळली. बुटाला हंटर शूजची कळा आली. मामाने मला "साहेब" म्हणणं त्या क्षणी बंद केलं असतं.

तो म्हणाला, "दीदी, आप हर थोडी देर में घड़ी क्यों देखती हो?" मी जमेल तेवढ्या हिंदीत सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग विचारलं, "और उतरने का भी गिनते हो?" मी हो म्हटल्यावर त्याने मान हलवली. त्याचा घोडा तर उतारावर जास्त दमतो, म्हणाला.

त्याच दिवशी घड्याळाने मान टाकली. रात्री थंडीत ते बाहेर राहिलं होतं, चूक माझी. फोनमध्ये १३.६, सोबतच्या मुलाच्या घड्याळात १४.९. नियम आठवा. १३.६. पाचव्या दिवशी गडसर ते सातसर ९.३. सहाव्या दिवशी झाच खिंड चढून नुंदकोलच्या काठी मुक्काम, ९.१. खिंडीतून नुंदकोल आणि गंगाबल दोन्ही खाली दिसतात आणि समोर हरमुखच्या हिमनद्या. १८५६ मध्ये मोंटगोमेरी नावाच्या सर्व्हेयरने हरमुखवरूनच काराकोरमची दोन शिखरं टिपून त्यांना के-वन आणि के-टू ही नावं दिली. म्हणजे आपल्या के-टू-एसचं बारसंही एका अर्थी इथलंच, असा विनोद मी केला. कोणी हसलं नाही, सगळे दमले होते.

तंबूत बसून बेरीज केली. ६७८.४. दीड किलोमीटरची तूट! पुण्यात कागदावर मुक्काम आणि तळं एकच धरलं होतं, प्रत्यक्षात मुक्काम नुंदकोलला आणि गंगाबल अजून थोडं वर. म्हणजे हिशेब चुकूनही बरोबर आला होता. पण साडेचार वाजले होते, ढग उतरत होते आणि पायाचा अंगठा काळा पडला होता. चहा प्यायले आणि सुतळीचा बूट पुन्हा चढवला.

गंगाबलच्या काठाला पोचले तेव्हा ६७९.३. पाणी हिरवट करडं, वाऱ्याने सुरकुतलेलं. काठाने चालायला लागले. वाटेत दोन पोरं ट्राउट पकडत बसलेली, त्यांनी डबा दाखवला, तीन मासे. मी थांबले नाही. दगडांमधून, मेंढ्यांच्या लेंड्यांमधून पुढे. फोन थरथरला तेव्हा मी एका साध्या, ओल्या, शेवाळलेल्या दगडाशेजारी उभी होते. मागे वळून पाहिलं तर ती पोरं आवराआवर करत होती. फोटो काढला, त्यात हरमुख ढगात गेलंय. नुसताच दगड आहे.

तिथेच डायरी काढली. १९९० च्या त्या नकाशाच्या खाली थोडी जागा होती.

"गंगाबल. सात दिवस धरले, सहा लागले. पाणी: आहे. वाट: मळलेली. सरपण: नाही. सोबत:" आणि इथे पेन अडलं. मग घोडेवाल्याचं नाव लिहिलं, तंबूतल्या चौघांची लिहिली. बूट ज्याने शिवला त्याचं पहिलं.

दुसऱ्या दिवशी नारानागचा उतार. जवळजवळ तेराशे मीटर खाली, गुडघ्यांचं जे काही उरलं होतं ते तिथे संपलं. खाली जुन्या देवळांचे अवशेष आहेत. मी त्यांच्या पायरीवर बसून बूट काढला आणि तासभर हलले नाही. हे किलोमीटर मी धरले नाहीत. घोडेवाल्याच्या मते उताराचे दुप्पट धरायला हवेत, त्यावर तुमचं मत सांगा.

आता पैशांचं. ३४,००० जमा आहेत. परवा शाळेत जाऊन कागदावर पाय ठेवून मापं घेतली, कारण नंबर विचारला की सगळी मुलं थोरल्या भावाचाच सांगतात. आठवीतल्या एकाचा पाय दहा नंबरचा निघाला. शिवणीच्या सोलचा दहा नंबर पुण्यात तीन दुकानांत मिळाला नाही. कोणाला कुठे माहीत असेल तर कळवा, वर्षश्राद्ध बारा दिवसांवर आलंय.