माझ्याच यादीने पास झालेली युकुलेले

शाळांना सुट्ट्या लागल्या की आम्हालाही सुट्टी, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात एप्रिल-मे हा गिटार दुरुस्त करणाऱ्याचा सुगीचा काळ. पुण्याची हवा कोरडी पडते, लाकूड आक्रसतं आणि पडद्यांची, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं कडेबाहेर डोकावू लागतात. मग खरचटलेली बोटं घेऊन पोरं दारात हजर.

अशा गर्दीत वाद्यांच्या दुकानाच्या शेठचा फोन आला. एका शाळेने जूनसाठी ४८ युकुलेले, म्हणजे चार तारांची गिटारसारखी छोटी वाद्यं, मागवली होती, माल येऊन पडला होता. बनवणारा कारखाना दुसऱ्या राज्यातला, इतकी वर्षं फक्त गिटार करणारा. आता युकुलेलेला मागणी आली म्हणून त्यांनीही सुरू केलं. शेठ म्हणाले, "दादा, पाच-सहा बघ आणि सही दे." मी म्हटलं, बघीन तर सगळी बघीन. शेठना ते आवडलं नाही. नमुन्याचे पाच नग नेमके वरच्या खोक्यातले असतात आणि वरचं खोकं कुणी भरलेलं असतं, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही.

नायलॉनच्या नव्या तारा दोन दिवस तरी ताणत राहतात, म्हणून आदल्या दोन रात्री सगळी जुळवून ठेवली. तेव्हाच कळलं की दुकानातल्या पोराने दोन नगांच्या तारा "उलट्या लागल्यात" म्हणून आधीच बदलून टाकल्या होत्या. युकुलेलेची सर्वांत वरची, 'जी' (G) सुराची तार खर्जातली नसते, ती मधल्या दोन तारांपेक्षा उंच असते. जी, सी, ई, ए. वाद्याचा खळखळता आवाज त्या उंच जीमुळेच येतो. पण पोरगा गिटार वाजवतो, आणि गिटारवाल्यांना युकुलेले म्हणजे दोन तारा कमी पडलेली गिटार वाटते. पालक तर विचारतात, "हे पुढे मोठ्या गिटारला चालतं का?" जणू शाळेचा गणवेशच.

सकाळी नऊला बसलो. पहिला नग हातात घेतला आणि खरं सांगतो, खूश झालो. सांधे असे की नख फिरवलं तरी अडखळत नाही. घोडीच्या, म्हणजे तबकडीवर तारा अडकवायच्या लाकडी पट्टीच्या, मागे पातळ कागद सरकवून पाहिला, कुठेही शिरला नाही. स्वस्त वाद्यांत पॉलिशवरच घोडी चिकटवतात आणि वर्षभरात ती उचकटते, इथे तसं काही नव्हतं. पॉलिश आरशासारखं. हे लोक काम जाणतात, यात शंका नव्हती.

मग दुसऱ्या हाताने तारा दाबून धरल्या आणि घोडीच्या खाली बोटाच्या पेराने टकोरा मारला. ठक. पाटावर मारावा तसा.

मी दोन वर्षं मिरजेत तंबोऱ्याच्या कामावर हात बसवला आहे. तबली रंधताना उस्ताद सारखे थांबून टकोरा मारायचे, कान लावायचे, परत रंधायचे. गिटारच्या टॉपलाही मी तबलीच म्हणतो, ती सवय तिथली. तबली म्हणजे तारांचं थरथरणं हवेत सोडणारी फळी. ती जाड असेल तर तार आपली आपल्यापुरतीच थरथरते.

घरून स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला होता. माझं जुनं सोप्रानो, म्हणजे नेहमीच्या मापांतलं सर्वांत लहान युकुलेले, भरतं ३७० ग्रॅम. हा नग, तोही सोप्रानोच, ६१० ग्रॅम. आवाजाच्या छिद्राच्या कडेला जाडी मोजायचा कॅलिपर लावला तर तबली पॉलिशसकट २.८ मिलिमीटर. प्लायवूडचे तीन थर कडेला स्वच्छ दिसत होते. शाळेच्या मालात प्लाय असायला माझी हरकत नाही, पुण्याच्या मे महिन्यात तेच टिकतं. पण चांगल्या सोप्रानोची तबली दोन मिलिमीटरच्या आतबाहेर असते. दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च घालून आत पाहिलं. आत गिटारसारख्या फुलीच्या आडव्या पट्ट्या, घोडीखाली रुंद फळी. स्टीलच्या तारांची गिटार साधारण ७० किलोने ओढली जाते, तिला हे लागतं. युकुलेलेच्या चार नायलॉन तारा मिळून १५ ते १८ किलो ओढतात. दोघांना पेलेल त्या पलंगावर मांजर निजवलं होतं.

पडदेही गिटारच्याच तारेचे, जाड आणि उंच. डोक्याला गिटारच्या खुंट्या, त्यामुळे हात सोडला की मान खाली जाते. युकुलेलेला सहसा पट्टा नसतो. म्हणजे आठ वर्षांच्या मुलीने डाव्या हाताने सूर धरायचा की वाद्य धरायचं?

आता सुराचं. लगतच्या दोन सुरांमधलं अंतर म्हणजे सेमीटोन, त्याचे शंभर भाग केले की त्यातला एक सेंट. पाच सेंटपर्यंतचा फरक बहुतेकांच्या कानाला बोचत नाही, दहाच्या पुढे बोचतो. तिसऱ्या पडद्यावर तार दाबून पहिल्या पडद्यावरची फट पाहिली. कागद जेमतेम जाईल एवढीच हवी. इथे व्हिजिटिंग कार्ड आरामात गेलं. गिटारवर नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, पहिला पडदा साधारण ३६ मिलिमीटरवर असतो, सोप्रानोवर १९. तेवढ्याशा अंतरात तार खाली ओढायची म्हणजे ती ताणली जाते आणि सूर चढतो. ईची तार पहिल्या पडद्यावर १८ सेंट चढी. त्यामुळे सी कॉर्ड वाजवली की गोड, कारण त्यात एकच बोट लागतं आणि तेही तिसऱ्या पडद्यावर. एफ वाजवली की दात आंबतात. मुलांना पहिल्या आठवड्यातच एफ शिकवतात. मग घरी सांगतात, आमच्या मुलाला कान नाही.

दुपारी तीनपर्यंत २६ नग झाले. मानेच्या कडेने कापूस फिरवत होतो, म्हणजे पडद्याचं टोक बाहेर असेल तर धागे अडकतात. तोपर्यंत अकरा अडकले होते. मनात अहवाल तयार होत होता, शब्द जरा तिखटच होते. तेव्हा पहिल्यांदा प्रत्येक नगाला दोऱ्याने बांधलेलं कारखान्याचं तपासणी कार्ड नीट वाचलं.

२२ मुद्दे, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा, खाली सही. सहावा मुद्दा: घोडीमागे कागद सरकवून पाहावा. नववा: तबली २.६ मिलिमीटरपेक्षा पातळ नसावी. चौदावा: घोडीच्या जागेत १.५ मिलिमीटरपर्यंत फरक चालेल. विसावा: पॉलिश पंख्याखाली नव्हे, खिडकीच्या उजेडात पाहावं.

पंखा आणि खिडकी वाचलं आणि घशाला कोरड पडली. ते वाक्य माझं होतं. २०१८ मध्ये आठ दिवस त्या कारखान्यात जाऊन ही यादी मीच करून दिली होती, गिटारसाठी. त्यांच्या तबल्या तेव्हा वर्षभरात घोडीपाशी फुगायच्या, म्हणून नववा मुद्दा मीच हट्टाने घातला. पातळ नको, म्हणजे नकोच. त्यांनी ऐकलं. इतकं ऐकलं की वाद्य बदललं तरी ऐकतच राहिले.

राहिलेले २२ नग मान खाली घालून तपासले. त्यात ओळीने नंबर असलेले नऊ असे निघाले की घोडी पुढे सरकलेली, दीड मिलिमीटरने. घोडी चिकटवताना जागा धरणारा ठोकळा सरकला असणार. गिटारवर तेवढ्याने बाराव्या पडद्याला चारेक सेंटचा फरक पडतो, मी म्हणूनच तो चालवून घेतला होता. सोप्रानोची तार जवळपास निम्मी, म्हणून फरक दुप्पट. त्यात उंच पडदे. सूर मोजणारा ट्यूनर १७-१८ सेंट चढं दाखवत होता. चौदाव्या मुद्द्यापुढे खूण बरोबरची, आणि खोटी म्हणता येत नाही.

कारखान्याच्या सुपरवायझरला फोन केला. मी वजन, जाडी, सेंट सांगत गेलो, त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लेकिन सर, लिस्ट तो आपकी ही है." टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच कळत नव्हतं की मी का चिडलोय. मलाही नीट सांगता येत नव्हतं.

ही चूक नवी नाही. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १८३३ पासून गिटार करत १९०७ मध्ये युकुलेले करून पाहिली, स्प्रूस लाकडाच्या तबलीची आणि आत गिटारसारख्या भरपूर पट्ट्यांची. चालली नाहीत. पुन्हा हात घातला तो १९१५च्या सुमारास, महोगनी लाकूड घेऊन आणि आतलं ओझं उतरवून, आणि मग त्यांचीच युकुलेले लोक नावाजू लागले. म्हणजे गिटारवाल्यांना हे जमत नाही असं नाही. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातून तंबोरे घडले, तर यांना काय अशक्य. पण हे सगळं मला ठाऊक असून यादीच्या माथ्यावर 'फक्त गिटारसाठी' हे दोन शब्द लिहायचं मला सुचलं नव्हतं.

नऊ परत पाठवले. बाकी ३९ पास केले. म्हणजे नटच्या १५६ खाचा कानशीने खोल केल्या, नगामागे बारा मिनिटं, आणि पडद्यांची टोकं घासली. एफ सुरात आली. ठक मात्र ठकच राहिला. शाळेच्या संगीताच्या बाई घ्यायला आल्या, त्यांनी एक वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आवाज बसका आहे हो." मी खरं ते सांगितलं. त्या हसल्या. "आमच्याकडे मागची पातळ होती, छान वाजायची. दिवाळीपर्यंत सात फुटली." आणि ३९ घेऊन गेल्या. मी पास केलं ते त्यांच्या मुलांचा विचार करून की स्वतःची यादी झाकायला, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. शेठ मात्र खूश, बिल निघालं.

कारखान्याने आता युकुलेलेसाठी वेगळी यादी मागितली आहे. वजन ४५० ग्रॅमच्या आत, हे लिहिलं. नटची उंची, पडद्यांची बारीक तार, घोडीला अर्ध्या मिलिमीटरची सूट, लिहिलं. तबलीच्या जाडीशी अडलोय. 'यापेक्षा जाड नको' लिहिलं तर हे लोक ती कागदासारखी करतील, त्यांच्या आज्ञाधारकपणाचा मला अनुभव आहे. टकोऱ्याचाही एक मुद्दा घातला होता. सुपरवायझरने विचारलं, "सर, कितने हर्ट्झ?" पास की नापास ते कशावर ठरवायचं, हा त्याचा प्रश्न बरोबरच आहे.

परत पाठवायच्या नऊंपैकी एक पैसे देऊन मी ठेवून घेतलं. गरम सुरीने पाठ उघडली, फुलीच्या पट्ट्या निम्म्या रंधल्या, घोडीखालची फळी काढून छोटी लावली, घोडी मागे सरकवली. माझ्या सोप्रानोसारखं ते वाजत नाही, पण ठकच्या मागे आता थोडा घुमारा येतो. तारा पूर्ण चढवून भिंतीला टांगून ठेवलंय. दर रविवारी तबलीवर पोलादी पट्टी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहतो. पाच रविवार झाले. चौथ्यापर्यंत काही नव्हतं. परवा घोडीच्या मागे केसाएवढी फट वाटली, पण पावसाळा सुरू झालाय, तेव्हा ती पट्ट्या कापल्यामुळे की दमट हवेमुळे ते सांगता येत नाही. यादी शुक्रवारी पाठवायची आहे.