उपवास सोडलात कशावर?

कुणी पाण्यावरचा उपवास केला की लोक दिवस मोजतात. याने तीन केले, त्याने सात केले, अमक्या तमक्याने एकवीस. मी आहारतज्ज्ञ आहे, आणि मी आधी विचारते ते हे, की सोडलात कशावर? बहुतेक वेळा उत्तर येतं, 'मग काय, घरी पुरणपोळी होती.' माझी खरी काळजी तिथे सुरू होते.

मागच्या महिन्यात मामांचा फोन आला. कऱ्हाडला असतात, एसटीतून निवृत्त झालेत, बरीच वर्षं शुगर आणि बीपी आहे. म्हणाले, "अगं, सात दिवस नुसत्या पाण्यावर राहायचं ठरवलंय. शुगर मुळासकट जाते म्हणे. लंघनं परमौषधम्!"

"मामा, आधी गोळ्यांच्या स्ट्रिपांचे फोटो पाठवा."

आले. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन आणि बीपीची एक. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. उपाशीपोटी घेतली तर घाम, थरथर, आणि वेळ आली तर बेशुद्धी. डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर काढते. तिच्या जोडीला कडक उपास घडला तर रक्तात चरबी जळताना बनणारी कीटोन आम्लं साठून जिवावर बेतू शकतं, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर आकडा फारसा वाढलेला दिसेलच असं नाही. घरच्यांना वाटतं, शुगर तर ठीक आहे, उपासाने मळमळत असेल. राहिली बीपीची गोळी. पोट रिकामं राहून इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लागतात. बीपी तसाच खाली येतो, त्यात वरून गोळी, मग पहाटे बाथरूमला उठलेला माणूस तिथेच कोसळतो.

"मग गोळ्या बंद करतो उपासापुरत्या."

"स्वतःच्या मनाने नाही, मामा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही."

मी उपवासाच्या विरोधात नाही. आमच्या घरी एकादशी पाळतात, मीही पाळते. निरोगी माणसाचं एका दिवसाच्या लंघनाने काही बिघडत नाही. यकृतातली साठवलेली साखर साधारण दिवसभर पुरते, पुढे शरीर चरबी जाळायला लागतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत काटा भराभर उतरतो, त्यातलं बरंचसं पाणी असतं, कारण त्या साठ्यातल्या दर ग्रॅम साखरेसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. जेवण सुरू झालं की ते परत येतं. लोक इथे हिरमुसतात आणि पुढच्या वेळी आणखी लांब उपवास धरतात, ते मला पाहवत नाही.

त्यात व्हॉट्सॲपवर स्कॉटलंडच्या अँगस बार्बिएरीची गोष्ट फिरत असते. १९६५-६६ मध्ये हा माणूस ३८२ दिवस जेवला नाही, हे खरं आहे. त्याला जीवनसत्त्वं, पोटॅशियम, सोडियम दिलं जात होतं, डंडीच्या डॉक्टरांची देखरेख होती, रक्ताच्या तपासण्या होत होत्या, हेही तितकंच खरं आहे. फॉरवर्डमधून नेमकं हेच गळतं. जपानी शास्त्रज्ञ ओसुमींच्या २०१६ च्या नोबेलचंही तसंच. पेशी स्वतःतला कचरा कसा मोडतात, हे त्यांनी उपाशी ठेवलेल्या यीस्टवर शोधलं. त्यावरून 'सात दिवस पाणी प्या, कॅन्सर जातो' असं कुणी सांगत असेल तर ती फसवणूक आहे.

आता सोडण्याविषयी. बरेच दिवस उपाशी राहिल्यावर शरीरातला फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा साठा आटलेला असतो. रक्ताच्या रिपोर्टवर मात्र आकडे ठीक दिसू शकतात. अशात भरपूर भात, साखर, फळांचा रस पोटात गेला की इन्सुलिन उसळतं आणि ही खनिजं रक्तातून पेशींत ओढली जातात. रक्तातली पातळी कोसळते, हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास घ्यायलाही त्रास होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमारीतून सुटलेली माणसं पोटभर अन्न मिळाल्यावर दगावली, ती यामुळे. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना तर पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काही न खाल्लेल्यांना पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त अन्न देऊ नका, असं सांगतात.

आपल्याकडे हे शहाणपण जुनं आहे. पंचकर्मानंतर आयुर्वेदात संसर्जन क्रम, म्हणजे हळूहळू जेवणाकडे परतायचा क्रम, असतो. आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग मुगाचं यूष म्हणजे कढण, आधी बिनफोडणीचं आणि नंतर फोडणीचं. माझी आजी तापातून उठलेल्या माणसाला असंच वाढायची. मूठभर जुना तांदूळ भाजून जाडसर भरडायचा, भरपूर पाण्यात शिते विरघळेपर्यंत शिजवायचा, सैंधव, किंचित जिरं. वाटीभर पेज, चमच्याचमच्याने. दुसऱ्या वाटीसाठी पोराने कितीही हट्ट केला तरी ती बधायची नाही.

मामांना मी दुसरी वाट सांगितली. शुगर उतरवायची तर वजन उतरवावं लागतं, आणि त्यासाठी नुसत्या पाण्यावर राहायची गरज नाही. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनचा डायरेक्ट नावाचा अभ्यास आला. मधुमेहाचं निदान होऊन सहा वर्षं उलटली नव्हती अशांना तीन ते पाच महिने रोज सुमारे साडेआठशे कॅलरी, सूप आणि शेकच्या रूपात. शुगर-बीपीच्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी थांबवलेल्या. वर्षभराने ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. आणि तिथेही नेहमीचं जेवण एकदम सुरू केलं नव्हतं, दोन ते आठ आठवडे टप्प्याटप्प्याने आणलं. मामांचं दुखणं जुनं आहे, त्यांना इतका फायदा होईल असं वचन मी दिलं नाही. पण कमी होण्यासारखं नक्की आहे.

मामा डॉक्टरांकडे जाऊन आले. ग्लिमेपिराइड निम्मी झाली. आता दोनच जेवणं, एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मुगाची घट्ट आमटी, ताक. चहा बिनसाखरेचा, त्यावरून मामींशी रोज वाद. संध्याकाळी कृष्णाकाठी चालणं.

आषाढीचा उपवास मात्र ते सोडणार नाहीत, आणि सोडा असं मी म्हणणारही नाही. त्या दिवशी कुठली गोळी घ्यायची आणि कुठली नाही, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून आणायला सांगितलंय. साबुदाणा नाही, बटाटा नाही. दुपारी थोडी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, दिवसभर पाणी. ग्लुकोमीटर उशाशी. आकडा सत्तरच्या खाली गेला की उपवास तिथेच मोडायचा आणि साखरपाणी घ्यायचं, हे मामींकडून वदवून घेतलंय. मामांवर माझा भरवसा नाही.