मारबरीचं बिऱ्हाड

शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये आमच्यात एक पोरगा होता, बॉल हातात आला की द्यायचाच नाही. सर कडेला उभे राहून घसा फोडायचे, "अरे पास दे, पास!" आणि हा आपला तिघांच्या मधून घुसतोय. बास्केट पडली तर ठीक, नाही पडली तर सगळ्या टीमच्या शिव्या. तर तो पोरगा म्हणजे मीच. सिमेंटचं कोर्ट, रिंगला जाळी नाही, बॉल आत गेला की बाहेरून गेला यावरून रोज भांडणं. त्यामुळे आवडता खेळाडू कोण विचारलं की बाकीचे जॉर्डन, कोबी म्हणतात आणि मी माझ्यासारखाच पास न देणारा म्हणून बदनाम झालेला स्टेफन मारबरी म्हणतो, मग समोरचा हमखास विचारतो, कोण?

म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो.

मारबरी न्यूयॉर्कचा, ब्रुकलिनमधल्या कोनी आयलंडचा. समुद्रकिनारा, जत्रेतले पाळणे वगैरे फोटोत दिसतात तेच कोनी आयलंड, पण हा वाढला तिथल्या सरकारी घरांच्या उंच इमारतींमध्ये. सात भावंडांतला सहावा. मोठे भाऊ सगळे बास्केटबॉलवाले, कॉलेजपर्यंत गेलेले, पण एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या मोठ्या प्रोफेशनल लीगमध्ये, कोणीच पोचला नाही, आणि जो जो भाऊ राहिला त्याच्या वाट्याचं स्वप्न पुढच्याच्या खांद्यावर, असं करत करत सगळं ओझं स्टेफनवर आलं. आपल्याकडे नाही का, मोठ्याचं मेडिकल हुकलं की धाकट्याला सुट्टी नसते, तसंच. मारबरी पास का देत नाही याचं निम्मं उत्तर मला इथेच सापडतं.

जॉर्जिया टेकमध्ये एकच वर्ष काढून 1996 च्या ड्राफ्टमध्ये आला (एनबीएच्या टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो). हा तोच ड्राफ्ट ज्यात आयव्हर्सन, कोबी, नॅश, रे अॅलन. मारबरी चौथ्या नंबरवर, घेतला मिलवॉकीने आणि लगेच रे अॅलनच्या बदल्यात मिनेसोटाला दिला. तिथे केविन गार्नेट आधीच होता. दोघं मित्र, दोघं विशीच्या आसपासचे, आणि पहिल्याच सीझनला मिनेसोटा त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा प्लेऑफला. आता हे दहा वर्षं एकत्र खेळणार असं सगळे धरून चालले होते. पण 1997 मध्ये गार्नेटला 12 कोटी 60 लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, मग लॉकआउट झाला, म्हणजे पैशांच्या वादात मालकांनी लीगच बंद ठेवली, नियम बदलले, आणि मारबरीला नव्या नियमात जास्तीत जास्त 7 कोटींच्या आसपास मिळणार होते. आपल्याला वाटतं 7 कोटी डॉलर म्हणजे काय कमी आहेत का, पण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला जवळजवळ दुप्पट पगार असेल तर आपण तरी ऑफिसात कुठे शांत बसतो. वर घराजवळ जायची ओढ होतीच. 1999 मध्ये न्यू जर्सीला गेला.

आणि इथून विंचवाचं बिऱ्हाड सुरू. 2001 मध्ये न्यू जर्सीने त्याला फिनिक्सला पाठवून जेसन किडला घेतलं, तर न्यू जर्सी पुढची दोन्ही वर्षं थेट फायनलला. जानेवारी 2004 मध्ये फिनिक्सने न्यूयॉर्कला दिला, नंतर नॅशला आणलं आणि पुढच्या सीझनला 62 मॅच जिंकल्या. म्हणजे हा जिथून निघतो ती टीम सुधारते! दोनदा ऑलस्टार (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मॅचला), करिअरची मॅचमागे सरासरी 19 च्या वर पॉइंट आणि साडेसात असिस्ट (हो, असिस्ट, म्हणजे पास द्यायचा की!), पण नाव झालं ते स्वार्थी म्हणूनच.

न्यूयॉर्क निक्स म्हणजे तर घरची टीम. लहानपणापासून जे स्वप्न बघितलं तिथे पोचला आणि तिथेच सगळं नासलं. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्पेनविरुद्ध त्याने 31 पॉइंट काढले, तेव्हाचा अमेरिकन टीमचा ऑलिंपिक विक्रम होता तो, पण अमेरिका ब्राँझवर घसरली आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. मग निक्सचा कोच लॅरी ब्राऊनशी पेपरातून भांडणं, त्या 2005-06 च्या सीझनला निक्स 23 जिंकले आणि 59 हरले. मग नंतरचा कोच आयझेया थॉमसशी वाजलं. डिसेंबर 2007 मध्ये निक्सची मॅच चालू असताना त्याच्या वडिलांना त्रास झाला आणि ते गेले, आणि याला कळलं ते मॅच संपल्यावर. त्याच्याही पुढच्या कोचने तर खेळवलंच नाही, वर्षाला दोन कोटी डॉलर घेणारा माणूस नुसता बाहेर बसून.

एक गोष्ट मात्र त्या काळातलीच आहे आणि ती मला फार आवडते. 2006 मध्ये त्याने स्वतःच्या नावाचे बूट काढले, स्टारबरी, किंमत 14 डॉलर 98 सेंट. जॉर्डनच्या बुटांना शंभरच्या वर मोजायला लागायचे तेव्हा. गरीब वस्तीतल्या पोरांना परवडावेत म्हणून, आणि स्वतः एनबीएच्या मॅचमध्ये तेच घालून खेळायचा. लोक याला स्वार्थी म्हणत होते बरं का. पुढे ते विकणारी दुकानांची साखळी बुडाली आणि बूटही गेले.

2009 चा उन्हाळा. बोस्टनकडून थोडे दिवस खेळून रिकामा झालेला, आणि हा दिवसरात्र कॅमेऱ्यासमोर बसून इंटरनेटवर लाइव्ह. गाणं लावून रडतोय, व्हॅसलीन खातोय. सगळं जग हसलं. मीपण तो व्हिडिओ मित्रांना पाठवून हसलो होतो, खोटं कशाला बोलू. नंतर बऱ्याच वर्षांनी त्यानेच सांगितलं की त्या दिवसांत आत्महत्येचे विचार यायचे. तेव्हापासून तो व्हिडिओ मी परत उघडलेला नाही.

जानेवारी 2010 मध्ये गेला चीनला. तेही शांघाय-बिंघाय नाही, शान्शी, कोळशाच्या खाणींचा प्रांत. त्या काळी एनबीएतून चीनला जाणं म्हणजे रिटायरमेंटचा पगार, माणसं यायची, चार महिने पैसे कमवायची आणि सीझन संपला की पहिलं विमान. याच शान्शीच्या टीममधून आदल्या सीझनला एनबीएतूनच आलेला बॉन्झी वेल्स चिनी नववर्षाच्या सुट्टीत घरी गेला तो परत आलाच नाही. मारबरीचंही पहिल्या दोन टीममध्ये बस्तान बसलं नाही, शान्शी झालं, फोशान झालं, आणि 2011 मध्ये बीजिंग डक्स.

बाकीचे पाहुण्यासारखे आले, हा बिऱ्हाड घेऊन आला, फरक तेवढाच. मेट्रोतून फिरायचा, फोटो टाकायचा, चायना डेलीत कॉलम लिहायचा. बीजिंगने याआधी चिनी लीग कधी जिंकली नव्हती आणि समोर ग्वांगडाँग, सलग चार वर्षं चॅम्पियन. 2012 च्या फायनलला 4-1 ने हरवलं, शेवटच्या मॅचला मारबरीचे 41. फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा मान, मात्र तेव्हा परदेशी खेळाडूला देत नव्हते, तर बीजिंगवाल्यांनी काय करावं, स्टेडियमबाहेर त्याचा पुतळाच उभारला. जिवंतपणी, खेळत असताना. 2014 ला परत जिंकले, 2015 ला परत जिंकले, आणि 2015 ला फायनलचा एमव्हीपी त्यालाच मिळाला. त्याच्यावर नाटक आलं, त्यात हा स्वतःच काम करतोय! लोक म्हणायचे 'लाओ मा', म्हणजे म्हातारा घोडा, कारण त्याच्या चिनी नावातलं पहिलं अक्षर घोड्याचं. दुसरं नाव 'कमिसार मा' (कमिसार म्हणजे सैन्यातला पक्षाचा राजकीय अधिकारी), कारण टीमला सारखी भाषणं द्यायचा. पुढे चीनचं ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, मिळालं.

आता लोक म्हणतात चीनने त्याला बदलला. मला ते पटत नाही. मी जेवढ्या जुन्या मॅच बघितल्या त्यात चौथ्या क्वार्टरला बॉल त्याच्याच हातात, तशीच घुसखोरी, तसेच अवघड शॉट. आणि चिनी लीगची पातळी एनबीएपेक्षा खाली होती हे फॅन असलो तरी मान्य करायला पाहिजे. पण घरी त्याच्याकडे सगळे आधीच्या हिशोबाची वही घेऊन बसले होते, भाऊ, वस्ती, पेपरवाले, निक्सचे फॅन. बीजिंगमध्ये ती वहीच नव्हती, तिथे "बॉल घे आणि जिंकून दे" एवढंच मागणं होतं, आणि ते तर तो कोनी आयलंडच्या कोर्टवर लहानपणापासून करत आला होता.

फेब्रुवारी 2018 मध्ये बीजिंगच्याच दुसऱ्या टीमकडून शेवटची मॅच खेळला, एकेचाळीस पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी होते. मग तिथेच कोच झाला. 2020 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोरोनाने हाहाकार माजवला आणि मास्क मिळेनात, तेव्हा हा चीनमधून एका उत्पादकाशी बोलून 1 कोटी मास्क न्यूयॉर्कला कमी भावात, 2 डॉलर 75 सेंटला एक, द्यायची खटपट करत होता. ज्या शहराने त्याला हसून हाकललं त्या शहरासाठी. ती बातमी मी आमच्या जुन्या शाळेच्या ग्रुपवर टाकली, कोणाचा काही रिप्लाय नाही, फक्त सरांचा आला, एक अंगठा आणि खाली, "शेवटी पास दिला म्हणायचा."